रिकाम्या ठोक्याची लग्नसराई

लग्नसराई सुरू झाली की माझं डोकं तापतं. घरचे म्हणतात उन्हानं तापतं, आणि मी त्यांना तसं म्हणू देतो. आमच्याकडचं ऊन आहेच तसं. कयाधूचं पात्र वाळूपुरतं उरतं, शिजवलेल्या हळदीचा वास वाऱ्याबरोबर गावोगाव फिरतो, जीपच्या टपावर वऱ्हाडातली माणसं बसतात आणि सेनगावच्या रस्त्यानं जाताना गावागणिक मांडव दिसतो. यंदाही दिसला. मांडवापुढे टेम्पोवर भोंगे रचलेले होते आणि त्यातून एकच ठोका येत होता, सलग, घणासारखा. कुठं जागा नाही, कुठं दम नाही. मी मोटारसायकल बाजूला घेतली आणि बराच वेळ उभा राहिलो. बघणाऱ्याला वाटलं असेल, जेवायला बोलावतील म्हणून थांबलाय. मी त्या ठोक्यांत एक रिकामी जागा शोधत होतो.

मी जनावरांच्या बाजारातला हेडी. लोकांचे बैल, गाई, म्हशी विकून देणारा मधला माणूस. आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. देणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात, आणि टॉवेलाखाली बोटं बोलतात. बोटं धरून दाबली की आकडा कळतो, बाजूला उभा असलेल्याला काहीच कळत नाही. चेहरा दगडासारखा ठेवायचा. राग आला तरी तो बोटांतूनच जाऊ द्यायचा. सौदा पटला की समोरच्याची बोटं आपल्या हातानं मिटवून त्याची मूठ बंद करायची. मूठ मिटली की बोलणं संपलं. तिथून फिरणाऱ्याला पुन्हा बाजारात तोंड दाखवता येत नाही. मी सगळं जग याच मापानं मोजत आलो. लोक मला भांडकुदळ म्हणतात, म्हणोत. भाव करता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याच्या बापाला भाव करता आला नाही त्यालाच कळतं.

माझ्या वडिलांना, आबांना, तो कधीच करता आला नाही. शिरड शहापूरच्या बाजूचं आमचं गाव. गावात कुणाच्या घरी लग्न निघालं की तरुणपणी आबांना निरोप यायचा. निरोप कसला, हुकूमच. हलगी घेऊन दारात उभं राहायचं, वरात फिरेल तोवर वाजवायचं आणि पदरात टाकतील ते घेऊन घरी यायचं. आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला तेव्हा गावकीची सगळी कामं सोडली. आबांनी हलगी नेऊन कयाधूच्या पाण्यात सोडली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आबा यावर फार बोलत नसत. पण जेवताना विचारात असले की ताटाच्या काठावर त्यांची बोटं वाजू लागायची. मग त्यांचं त्यांनाच लक्षात यायचं आणि ते हात मांडीखाली घ्यायचे. आई तेवढ्या वेळात भाकरी थापायची थांबलेली असायची.

दलालीत हात बसल्यावर मी बँड काढला तेव्हा भावकीतल्या लोकांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. वाजवणं सोडलेल्या घरात पुन्हा वाजवणं आणतो, असं म्हणाले. मी त्यांना सांगितलं, हलगीला बोलावणं यायचं, माझ्याकडे सुपारी येते. सुपारी द्यायला लोक माझ्या ओट्यावर येतात, खुर्चीवर बसतात, मी चहा पाजतो आणि मग भाव होतो. माझी माणसं वर्दी घालून, ताठ मानेनं वाजवतात. पंगतीत सगळ्यांच्या बरोबरीनं बसतात. आणि माझ्या बँडमध्ये हलगी नाही. हे मी सुपारी घ्यायच्या आधीच सांगायचो. ते कुणाला पटलं नाही तर त्यानं दुसरा बँड बघावा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बँडसाठी जुनं वाद्य घ्यायला मी सिकंदराबादला गेलो. एका दुकानात पितळी सॅक्सोफोन होता, काळवंडलेला, पण अंगानं धड. दुकानदार माझ्यासारखाच चिवट निघाला. दुपारभर आम्ही एकमेकांना दमवलं. शेवटी तो भावातून हलेना, तेव्हा मी म्हणालो, मग पेटी फुकट दे. त्यानं वैतागून दिली. घरी येऊन पेटीतलं मखमलीचं अस्तर झाडलं तर खालून एक कॅसेट निघाली. वर काही छापलेलं नाही, नुसत्या निळ्या शाईच्या पुसट रेघा.

ती कॅसेट रज्जाक मास्तरांनी लावली. मास्तर हिंगोलीचेच. तरुणपणी हैदराबादला एका हॉटेलच्या बँडमध्ये वाजवून आलेले, सडपातळ, तोंडात कायम बडीशेप. माझ्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. सॅक्सोफोन त्यांच्याचसाठी आणला होता. आमच्या अंगणातल्या लिंबाखाली टेपरेकॉर्डर ठेवला. आधी गिटार आली, सुपातून ज्वारी घोळावी तशी. मग टाळ्या. भजनातल्या नव्हेत. कोरड्या, कडक, एकमेकींना डिवचणाऱ्या टाळ्या. मग एक माणूस गायला लागला. गातोय की कुणाच्या मयतीला रडतोय, कळेना. आणि त्या रडण्यात तिरक्या वाटेनं सॅक्सोफोन शिरला, अगदी सावकाश, परक्या गावात पाहुणा शिरावा तसा.

मास्तर ऐकता ऐकता ताठ झाले. त्यांनी आम्हाला समजावलं, की ही टाळ्या आणि टाचा आपटायची पद्धत स्पेन देशातली, तिला फ्लेमेंको म्हणतात. तिकडच्या गावाबाहेर ठेवलेल्या लोकांचं हे गाणं. आणि सॅक्सोफोन वाजतोय तो जॅझ, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा, ज्यांना तिथं गुलाम म्हणून विकत होते. या दोघांना कुणीतरी एका खोलीत बसवलंय. "दोनों के पास अपना अपना रोना था, उत्तमशेठ," ते म्हणाले. मला ते शेठ म्हणायचे ते चिडवायला.

संगीतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मला त्यात सौदा ऐकू आला. टाळ्यावाला त्याच्या भावावर ठाम होता, एक पैसा हलत नव्हता. सॅक्सोफोनवाला दर वेळी नवा भाव सांगत होता, वर जात होता, खाली येत होता, उठून जातो म्हणत होता आणि पुन्हा येऊन बसत होता. आणि दोघांपैकी कुणीच हरत नव्हतं. इतकी वर्षं बाजारात काढूनही असा सौदा मी पाहिला नव्हता. मी म्हणालो, मास्तर, हे आपल्याला वाजवायचं.

ते हसले. मोजणी अवघड होती. आमची माणसं आठ मात्रांवर वाढलेली आणि इथं बारांची फेरी, तीही वाकडी. तोंडानं सांगून कुणाला कळेना, मलाही नाही. तेव्हा मास्तरांनी माझा हात धरला, वर खांद्यावरचा टॉवेल टाकला आणि बोटं दाबली. तीन. तीन. दोन. दोन. दोन. पुन्हा तीन. तीन. दोन. दोन. दोन. बाजारातला आकडा कळावा तसं मला ते तिथंच कळलं. मग मी एकेका माणसाला समोर बसवून टॉवेलाखाली शिकवलं. बघणारे म्हणायचे, उत्तम बँडवाल्यांना बाजारात विकायला काढून राहिला.

तो उन्हाळा माझ्या अंगात अजून तसाच आहे. लिंबाची फुलं टेपरेकॉर्डरवर पडायची. ढोलवाला चुकला की मी शिव्या द्यायचो, आणि तो म्हणायचा, शेठ, बारा मोजायला माझ्याकडे बोटं दहाच हायेत. वरातीचा घोडा सरावाला आणला, तर तो आमच्या आठ मात्रांवर नाचणारा घोडा पहिल्याच फेरीत पाय वर धरून थांबला आणि माझ्याकडे असा बघू लागला, जसं काही मी त्याला फसवलंय. गिटार आमच्याकडे नव्हती. तिचं काम मास्तर सॅक्सोफोनच्या खालच्या सुरांनी काढायचे. टाळ्या आमच्या होत्या. फक्त एक गोष्ट बसत नव्हती.

कॅसेटमध्ये प्रत्येक फेरीच्या शेवटच्या ठोक्यावर कुणीतरी लाकडी फळीवर जोरात टाच मारायचं. सगळी फेरी त्या टाचेवर येऊन टेकायची. आमच्याकडे त्या जागेला काहीच पुरं पडेना. ढोल जड व्हायचा, झांज पोरकट वाटायची. मास्तर दोन दिवस कॅसेटचा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, इथं हलगी पाहिजे.

मी उठून उभाच राहिलो. काय काय बोललो ते आता लिहीत नाही. मास्तर शांतपणे बडीशेप चावत राहिले. म्हणाले, ही मी मागत नाही, धून मागून राहिली. मी म्हणालो, धुनेला सांगा, या घरात तो माल मिळत नाही.

आबा ओट्यावर बसलेले होते. ते सरावाकडे कधी लक्ष देत नाहीत, असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी ते काठी न घेता खाली आले, लिंबाखाली उभे राहिले आणि मास्तरांना म्हणाले, पुन्हा वाजवा. मास्तरांनी वाजवलं. माणसांनी टाळ्या दिल्या. शेवटच्या ठोक्यावर काय करावं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळे थांबले. तेवढ्या क्षणात मला आबांचा हात दिसला. तो वर उठला होता आणि तसाच राहिला होता.

"जागा हलगीचीच हाय, उत्तम," ते म्हणाले. "मी वळखतो तिला."

त्यांनी तो हात खाली घेतला.

"ती रिकामी ठेव. दुसरं काही घालू नको. ज्याला कान हायेत त्याला कळंल, इथं कुनीतरी वाजवायचं थांबलंय."

एवढं बोलून ते पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. मास्तरांनी सॅक्सोफोन मांडीवर ठेवला. मग माझा हात ओढला, टॉवेल टाकला आणि बोटं दाबली. तीन, तीन, दोन, दोन, एक. आणि पुढं नुसती पोकळी. मग त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली. सौदा पक्का. ती जागा कुणी भरायची नाही. मी त्यांचीही मूठ मिटवली.

मोठं लग्न त्याच महिन्यात आलं, औंढ्याच्या बाजूचं, जमीनदाराच्या घरचं. उन्हं उतरताना वरात निघाली. आबा आमच्या टेम्पोतून आले होते, पांढरा सदरा घालून. नेहमीची गाणी झाली, धुरळा उडाला, पोरं नाचली. मग नवरदेवाचा मामा पुढं आला. तो आमच्याच गावचा होता. तो चारचौघांत म्हणाला, एखादी हलगी होऊन जाऊ द्या. मी ठरलेलं सांगितलं, आमच्याकडे हलगी नाही. तो हसला.

"याच्या बापानं लई वाजवली हाय आमच्या दारात. याला काहून लाज वाटून राहिली?"

मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, अशा वेळी माझा हात आधी उठतो आणि डोकं मागून येतं. मी एक पाऊल टाकलंही होतं. तेवढ्यात पाठीमागून सॅक्सोफोन सुरू झाला. मास्तरांनी ती धून अशी खालून उचलली, की सगळी वरात वळून बघू लागली. आमच्या माणसांनी वाद्यं काखेत धरली आणि टाळ्या सुरू केल्या. तीन, तीन, दोन, दोन, एक, आणि मग ती जागा. पहिल्या फेरीला लोकांना वाटलं आम्ही चुकलो. दुसऱ्या फेरीला नाचणाऱ्यांचे पाय त्या जागेशी येऊन अडखळले. तिसऱ्या फेरीपासून सगळी वरात तिथं येऊन थांबू लागली. बायका, पोरं, दिवट्या धरलेली माणसं. दर फेरीला श्वास धरल्यासारखी शांतता पडायची, आणि तिच्यावरून सॅक्सोफोन एकटाच पलीकडे जायचा. मामाचा हात कमरेवर होता तो कमरेवरच राहिला. त्याला कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी टेम्पोपाशी उभ्या असलेल्या आबांकडे बघत होतो. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते आणि हनुवटी वर केली होती. बाजारात आपल्या जनावराला मनासारखा भाव आला की माणूस असा उभा राहतो. आबांना तसं उभं राहिलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

पुढचं सांगताना अजून माझे दात आवळतात. त्या दिवाळीत मास्तर परभणीच्या एका बँडमध्ये गेले. तिकडे रोषणाईची गाडी होती, नव्या वर्द्या होत्या. मला विचारलं असतं तर मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या आणि शेवटी काहीतरी जमवलं असतं. त्यांनी विचारलंच नाही. सकाळी ओट्यावर सॅक्सोफोन ठेवलेला होता, टॉवेलात गुंडाळून. चिठ्ठी नाही, निरोप नाही. वर्षभरात लोक येऊन सांगू लागले, की परभणीवाल्यांची नवी धून फार गाजते आहे. कसली धून, तर टाळ्यांची. आणि सोबत काय, तर हलगी.

हलगी. ते ऐकलं त्या दिवशी मी जेवलो नाही. माझ्या अंगणात, माझ्या कॅसेटवरून, माझ्या माणसांच्या बोटांवर बनलेली धून, आणि तिच्यात माझ्या बापानं मागून घेतलेली एकच रिकामी जागा. तीही यांनी भरून टाकली. मूठ मिटवलेल्या माणसानं. लोक म्हणाले, एकदा जाऊन ऐक तरी. मी गेलो नाही. आपल्या गोठ्यातला बैल दुसऱ्याच्या गाडीला जुंपलेला बघायला कोण जातं? आबा वारले तेव्हा मास्तर परभणीहून आले होते. अंगणात लिंबाखाली उभे राहिले, तिथंच. मी तोंड फिरवलं. ते थोडा वेळ थांबले आणि निघून गेले.

मग भोंग्यांच्या गाड्या आल्या. बँड मोडला, वर्द्या भाच्यांनी शेतात बुजगावण्यांना घातल्या. सोयाबीनच्या पिकात माझ्या ट्रम्पेटवाल्याची लाल वर्दी बरेच दिवस उभी होती. मी बाजारात राहिलो. माझं चांगलं चाललं आहे, ते कुणाच्या मेहेरबानीनं नाही. पण दर उन्हाळ्यात हळद शिजायला लागली की टॉवेलाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबताना मधेच मला आकडा चुकल्यासारखं होतं.

यंदा त्या भोंग्यांपाशी उभा असतानाच कुणीतरी सांगितलं, रज्जाक मास्तर हिंगोलीत परत आलेत, लकवा मारलाय, वाचा गेली. मी मोटारसायकल सरळ त्यांच्या गल्लीत घातली. दया आली म्हणून गेलो नाही. भांडायला गेलो. इतकी वर्षं एकेक वाक्य घोटून ठेवलेलं, ते माणूस असेतो बोलून टाकावं म्हणून गेलो. दारात पोहोचल्यावर लक्षात आलं, की भांडणाला समोरचा बोलता लागतो.

मास्तर खाटेवर होते. निम्मा चेहरा ओघळलेला. मला बघून त्यांचा एक डोळा हसला. मास्तरांच्या बायकोनं, भाभींनी, स्टूल दिलं, पाणी दिलं, आमच्या आबांची आठवण काढली. मी पाणी प्यालो. घोटून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. एकच प्रश्न उरला होता.

"मास्तर, परभणीत त्या जागेवर हलगी वाजवली का?"

 त्यांनी चालता उरलेला हात उचलून माझ्या खांद्याकडे केला. भाभींना वाटलं आधार मागतात. मला कळलं. मी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्यांचा हात हातात घेतला आणि वरून टाकला. त्यांची बोटं सुकलेल्या शेंगांसारखी हलकी झाली होती. सुरुवातीला नुसती थरथरली. मग दाबली.

तीन. तीन. दोन. दोन. एक.

पुढं काही नाही. मी वाट पाहिली. पुन्हा तीन, तीन, दोन, दोन, एक, आणि तीच पोकळी. मला वाटलं ताकद संपली असेल, म्हणून मी माझा हात तसाच धरून ठेवला. त्यांनी तिसऱ्यांदा फेरी घेतली आणि बरोबर तिथंच सोडली.

भाभी उशी सारखी करता करता आपल्याच तंद्रीत बोलत होत्या. "क्या क्या दिन थे. परभनी में वो हलगीवाला रोज लड़ता था इनसे. आखिर का ठोका काहे को नहीं मारने देते, करके. ये मानेच नहीं. बोले, वो जगा किसी की है."

मी मान खाली घातली. टॉवेलाखाली मास्तर माझी बोटं मिटवत होते. अंगठा त्यांच्यानं मिटेना, तो मी मिटवला.

त्यांनी विचारायला हवं होतं, न सांगता जायला नको होतं, हा माझा राग अजून आहे. तो मी कुणाला स्वस्तात देणार नाही. पण गल्लीतून भोंग्यांची एक वरात चालली होती, घरातली भांडी थरथरत होती, आणि आम्ही दोघं हात टॉवेलाखाली ठेवून बसलो होतो. भाभींनी विचारलं, क्या बोल रहे हैं ये?

"जुना सौदा हाय, भाभी," मी म्हणालो. "कायम हाय म्हणतात."